घटस्फोटाचे घड्याळ कोणी लावले?

घटस्फोट मिळायला किती काळ लागतो, या प्रश्नाला आपल्याकडे दोन उत्तरे मिळतात. वकील म्हणतात, दोघांची संमती असेल तर सहा महिन्यांपासून दीड वर्षापर्यंत, आणि नसेल तर काही सांगता येत नाही. वडीलधारी मंडळी म्हणतात, लागू दे वेळ, वेळ लागला म्हणजे संसार वाचतात. पहिले उत्तर निदान प्रामाणिक आहे. दुसरे उत्तर इतिहासाच्या कसोटीला उतरत नाही, आणि आजचा हा लांबलेला धागा त्याच्याच समाचारासाठी आहे.

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू. हिंदू विवाह कायद्यात कलम २१-ब आहे. ते १९७६ च्या दुरुस्तीने आले. विवाहविषयक दाव्याची सुनावणी शक्य तोवर दररोज चालवावी आणि प्रतिवादीला नोटीस बजावल्यापासून सहा महिन्यांच्या आत निकाल देण्याचा प्रयत्न करावा, असे हे कलम सांगते. अपिलासाठी तीन महिन्यांची मर्यादा सुचवली आहे. म्हणजे कागदावर पाहिले तर जिल्ह्याच्या न्यायालयापासून अपिलापर्यंत सारे काही वर्षाच्या आत आटोपायला हवे. ज्यांनी कौटुंबिक न्यायालयाच्या बाकावर तारखा मोजल्या आहेत, त्यांना हे वाचून हसू येईल. त्या कलमातील कळीचा शब्द 'प्रयत्न' हा आहे. प्रयत्न फसला तर काय, याविषयी कायदा मौन पाळतो.

सगळा दोष तुंबलेल्या खटल्यांवर ढकलणे सोपे आहे. माझे म्हणणे असे की खटले तुंबण्याच्या पुष्कळ आधी, मुद्दाम, विचारपूर्वक, विवाहाच्या कायद्यात प्रतीक्षेची वर्षे घातली गेली. ती कोणासाठी घातली हे पाहिले की त्यामागचा हेतूही दिसू लागतो.

'आपल्या संस्कृतीत घटस्फोट नव्हताच' हे वाक्य आपण सर्वांनी ऐकले आहे. ते म्हणणाऱ्याने 'आपल्या' या शब्दात किती लोक धरले आहेत, हे आधी विचारावे. महाराष्ट्रातील बहुसंख्य शेतकरी आणि कारागीर जातींत काडीमोड होती. जातीच्या पंचांसमक्ष गवताची काडी मोडायची, सोडचिठ्ठी द्यायची, ठरलेला दंड किंवा जेवण द्यायचे, आणि बाई पाट लावायला मोकळी. एल्फिन्स्टनच्या काळात आर्थर स्टील या अधिकाऱ्याने दख्खनमधील जातींचे रिवाज विचारून नोंदवले. १८२७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या संग्रहात पाट आणि सोडचिठ्ठी या रोजच्या व्यवहारातील गोष्टी म्हणून येतात. मराठेशाहीत तर पाटावर सरकारी कर होता, त्याला पाटदाम म्हणत. ज्या गोष्टीवर सरकार कर बसवते ती अस्तित्वातच नव्हती, असे म्हणायला फार मोठे धाडस लागते.

या पंचायतींचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. पंच पुरुषच असत. दंड बहुधा बाईच्या माहेरच्यांना किंवा तिच्या नव्या नवऱ्याला भरावा लागे. मुले बापाकडे राहत. पहिल्या नवऱ्याची संमती नसेल तर प्रकरण चिघळे. तरी एक गोष्ट तेथे होती, जी आज नाही: निर्णय एका बैठकीत किंवा दोन बैठकींत होई, आणि तो झाला की झाला.

मग हे गेले कुठे? ते इंग्रजी न्यायालयांनी मोडीत काढले. १८७६ साली मुंबई उच्च न्यायालयाने शंभू रघू प्रकरणात स्पष्ट केले की विवाह रद्द ठरवण्याचा, किंवा पहिला नवरा हयात असताना स्त्रीला पुनर्विवाहाची परवानगी देण्याचा जातीचा अधिकार न्यायालय मानणार नाही. वरवर पाहता ही सुधारणा वाटते, कारण पंचांची मनमानी संपली. पण पंचांचा दरवाजा बंद करताना न्यायालयाने स्वतःचा दरवाजा उघडला नाही. हिंदू स्त्रीला घटस्फोट मागण्यासाठी तेव्हा कोणताही कायदा नव्हता. उच्चवर्णीयांच्या धर्मशास्त्रातील अविच्छेद्य विवाह हा सर्वांचा विवाह ठरू लागला, आणि ज्यांच्या आजीने बिनदिक्कत काडी मोडली होती त्यांच्या नातीला 'आपल्यात असे नसते' हे शिकवले जाऊ लागले. पुढे १९५५ च्या कायद्याने कलम २९ मध्ये रूढीने मिळणारा घटस्फोट राखून ठेवला खरा, पण ती रूढी न्यायालयात पुराव्याने सिद्ध करावी लागते. म्हणजे तेथेही पुन्हा तारखाच.

या टप्प्यावर रखमाबाईंचा खटला टाळता येत नाही. कथा सर्वांना ठाऊक आहे असे मानले जाते, पण तिच्यातला काळाचा हिशेब फारसा कोणी मांडत नाही.

रखमाबाईंचा जन्म १८६४ चा, सुतार जातीतला. वडील लवकर गेले. आई जयंतीबाईंचा डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह झाला, कारण त्यांच्या जातीत तो चाले. अकराव्या वर्षी रखमाबाईंचे लग्न दादाजी भिकाजी यांच्याशी लावण्यात आले. त्या सासरी नांदायला गेल्याच नाहीत. १८८४ मध्ये दादाजींनी मुंबई उच्च न्यायालयात वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापनेचा, म्हणजे साध्या मराठीत 'बायकोला नांदायला पाठवा' असा दावा लावला. सप्टेंबर १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी तो फेटाळला. असा दावा हिंदू कायद्यातून आलेला नसून इंग्लंडच्या धर्मपीठीय कायद्यातून येथे आणून लावलेला आहे, हे त्यांनी नोंदवले. १८८६ मध्ये अपिलात सरन्यायाधीश सार्जंट आणि न्यायमूर्ती बेली यांनी तो निकाल फिरवला. मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी आदेश दिला: नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. तुरुंग पत्करला, पण नांदणार नाही, असे रखमाबाईंनी कळवले. जुलै १८८८ मध्ये दादाजींना दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. (व्हिक्टोरिया राणीने हा विवाह रद्द केला, ही समाजमाध्यमांवर दर वर्षी फिरणारी कथा खरी धरू नये.)

दाव्यापासून तडजोडीपर्यंत चार वर्षे गेली. आणि चार वर्षांनंतर मिळाले काय? घटस्फोट नव्हेच. दादाजींनी हुकूमनाम्याची अंमलबजावणी करायची नाही, एवढेच ठरले. विवाह कायद्याच्या दृष्टीने जसाच्या तसा राहिला. रखमाबाई १८८९ मध्ये लंडनला गेल्या, डॉक्टर झाल्या, सुरत आणि राजकोट येथे त्यांनी आयुष्यभर काम केले. १९०४ साली दादाजी वारले तेव्हा त्यांनी विधवेचे पांढरे पातळ नेसले. दादाजींना दुसरे लग्न करायला मात्र कायद्याने एका दिवसाचीही वाट पाहायला लावली नसती.

आणखी एक तपशील. पत्नी वा पती असा हुकूमनामा पाळत नाही म्हणून तुरुंगात टाकण्याची शिक्षा खुद्द इंग्लंडने १८८४ मध्ये रद्द केली. दादाजींनी दावा लावला तेच हे वर्ष. म्हणजे विलायतेत भंगारात काढलेले हत्यार मुंबईत एका तरुणीवर उगारले जात होते, आणि पुण्यात 'केसरी' व 'मराठा' ही पत्रे ते धर्माचे हत्यार समजून त्याची पाठराखण करीत होती.

येथे मूळ मुद्दा येतो. हिंदू पुरुषाला घटस्फोटाची गरजच नव्हती. पहिली बायको टाकून द्यावी, दुसरी आणावी. त्याच्यासाठी या प्रक्रियेचा कालावधी शून्य होता. मुंबई प्रांताने १९४६ साली द्विभार्याप्रतिबंधाचा कायदा केला तेव्हा तो घटनाबाह्य ठरवून घेण्यासाठी पुरुषच न्यायालयात गेले, आणि नरसू अप्पा माळी प्रकरणात हरले. बायको 'टाकणे' हे क्रियापद आपल्या भाषेत किती सहज रुळले आहे, ते पाहावे. नवरा टाकणाऱ्या बाईसाठी असे रोजच्या वापरातले क्रियापद आपण घडवले नाही.

इतर धर्मांच्या कायद्यांतही घड्याळ असेच एका बाजूला झुकलेले होते. मुस्लिम पुरुषाचा तिहेरी तलाक क्षणात होई. सर्वोच्च न्यायालयाने तो थेट २०१७ मध्ये अमान्य केला. मुस्लिम स्त्रीला मात्र १९३९ च्या कायद्यानुसार नवरा चार वर्षे बेपत्ता आहे, किंवा त्याने दोन वर्षे पोसले नाही, असे काही सिद्ध करून न्यायालयातून मोकळीक घ्यावी लागे. १८६९ च्या कायद्याखाली ख्रिस्ती स्त्रीला जिल्हा न्यायालयाने घटस्फोट दिला, तरी उच्च न्यायालयाने शिक्कामोर्तब करेपर्यंत तो पक्का होत नसे. ही अट २००१ मध्ये निघाली. नवऱ्याला पत्नीचा व्यभिचार सिद्ध करणे पुरे होते, तर पत्नीला व्यभिचाराच्या जोडीला क्रौर्य किंवा परित्यागही दाखवावा लागे. तेही २००१ पर्यंत.

हिंदूंकडे परत येऊ. कोल्हापुरात शाहू महाराजांच्या काळात काडीमोडीला कायद्याची चौकट मिळाली, बडोद्याने १९३१ मध्ये, मुंबई प्रांताने १९४७ मध्ये घटस्फोटाचा कायदा केला. मग हिंदू कोड बिलाचे रामायण झाले. १९५१ मध्ये डॉ. आंबेडकरांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला, आणि १९५५ मध्ये हिंदू विवाह कायदा आला. आपण शाळेत शिकतो की या कायद्याने हिंदू स्त्रीला घटस्फोटाचा हक्क दिला. बरोबर आहे. आता त्या मूळ कायद्याप्रमाणे, नवऱ्याने सोडलेल्या एका स्त्रीचा हिशेब करून पाहा.

परित्याग हे १९५५ मध्ये थेट घटस्फोटाचे कारण नव्हते. क्रौर्यही नव्हते. मारहाण करणाऱ्या किंवा सोडून गेलेल्या नवऱ्यापासून आधी फक्त न्यायिक विभक्तता मागता येई. परित्यागासाठी सलग दोन वर्षे जावी लागत. मग दावा, साक्षी, हुकूमनामा. त्याला लागेल तो वेळ वेगळा. हुकूमनाम्यानंतर आणखी दोन वर्षे सहवास सुरू झाला नाही, तरच घटस्फोटाचा अर्ज. तो मंजूर होण्याचा वेळ पुन्हा वेगळा. घटस्फोट मिळाल्यावरही एक वर्ष पुनर्विवाहाला बंदी. बेरीज करा: न्यायालयाचा एकही दिवस न धरता पाच वर्षे. शिवाय लग्नानंतर पहिली तीन वर्षे, अपवाद सोडल्यास, घटस्फोटाचा अर्जच दाखल करता येत नसे. विशीत टाकलेली मुलगी या रांगेत उभी राहिली, तर तिशीच्या उंबऱ्यापर्यंत तिला रांगेतच राहावे लागे. ही पाच वर्षे कोणा आळशी कारकुनाच्या टेबलावर साचलेली नव्हती. संसदेने ती कलमवार लिहून मंजूर केली होती.

हा कायदा मे १९५५ मध्ये लागू झाला. रखमाबाई त्याच वर्षी २५ सप्टेंबरला वारल्या.

१९७६ मध्ये संसदेने हात सैल केला. क्रौर्य व परित्याग ही थेट घटस्फोटाची कारणे झाली, तीन वर्षांची अट एका वर्षावर आली, विभक्ततेनंतरची दोन वर्षे एक झाली, पुनर्विवाहाची एक वर्षाची बंदी गेली. परस्पर संमतीने घटस्फोटाचे कलम १३-ब हिंदूंना तेव्हा प्रथम मिळाले. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात ते बावीस वर्षे आधीपासून होते. म्हणजे नोंदणी पद्धतीने लग्न करणाऱ्यांना जी समज आहे असे सरकारने मानले, ती सप्तपदी चाललेल्यांना यायला पाव शतक लागले म्हणायचे! वर्षे कमी झाली याचा आनंदच आहे. पण वर्षे अर्धी करता आली यावरून एक गोष्ट सिद्ध होते: ती आधीही कमी करता आली असती. ती कोणत्याही पवित्र गरजेतून आलेली नव्हती.

आता संसार वाचवणाऱ्या सहा महिन्यांकडे वळू. कलम १३-ब नुसार जोडपे किमान एक वर्ष वेगळे राहत असले पाहिजे. मग दोघांनी मिळून अर्ज करायचा, आणि त्यानंतर किमान सहा महिने थांबून पुन्हा दोघांनी यायचे. समर्थक म्हणतात की या काळात मने वळतात. वर्षभर वेगळ्या घरांत राहून, पैशांचा व मुलांचा हिशेब करून, दोघे एकत्र न्यायालयाची पायरी चढले आहेत. त्यांच्या मनात अजून काय वळायचे राहिले असते? प्रत्यक्षात या सहा महिन्यांत फार वेळा वळते ती तडजोडीची रक्कम. संमती दुसऱ्या तारखेपर्यंत मागे घेता येते. ज्याला घाई कमी आहे तो पक्ष त्या दिवसापर्यंत घासाघीस करू शकतो, आणि घाई कमी कोणाला असते? ज्याचे उत्पन्न चालू आहे, घर स्वतःचे आहे आणि ज्याच्या वयाकडे नातेवाईक बोट दाखवत नाहीत, त्याला.

सर्वोच्च न्यायालयाला हे कळले आहे. २०१७ च्या अमरदीप सिंग निकालात त्याने सांगितले की हे सहा महिने बंधनकारक नाहीत. दीड वर्ष वेगळे राहून झाले असेल, समेटाचे प्रयत्न संपले असतील, पोटगी व मुलांचा ताबा ठरला असेल, तर न्यायालय ते माफ करू शकते. मे २०२३ मध्ये शिल्पा शैलेश प्रकरणात घटनापीठाने म्हटले की विवाह पूर्णपणे मोडलेला असेल तर अनुच्छेद १४२ खाली सर्वोच्च न्यायालय स्वतः घटस्फोट देऊ शकते, एकाची संमती नसतानाही. उत्तम. पण हा अधिकार फक्त सर्वोच्च न्यायालयाचा आहे, आणि केवळ त्यासाठी तेथे थेट अर्ज नेता येत नाही, हेही त्याच निकालात आहे. गडहिंग्लजच्या किंवा परभणीच्या स्त्रीला मोडलेला विवाह मोडला असे म्हणवून घ्यायला खालच्या साऱ्या पायऱ्या चढून दिल्ली गाठायची आहे.

'विवाह भरून न येण्याइतका मोडला' हे कारण कायद्यातच घाला, असे विधी आयोगाने १९७८ च्या ७१ व्या अहवालात सांगितले. २००९ मध्ये पुन्हा सांगितले. मधल्या काळात, २००६ साली, नवीन कोहली निकालात सर्वोच्च न्यायालयानेही केंद्राला तसे सुचवले. १९८१ चे विधेयक बारगळले. २०१० चे विधेयक २०१३ मध्ये राज्यसभेत संमत झाले आणि लोकसभा विसर्जित झाल्यावर संपले. पहिल्या अहवालाला आता चार दशकांहून अधिक काळ लोटला.

येथे एक आक्षेप गंभीरपणे घ्यायला हवा, कारण तो संस्कृतिरक्षकांचा नाही, स्त्रियांच्या बाजूने बोलणाऱ्यांचा आहे. घटस्फोट झटपट झाला तर नवरा हात झटकून मोकळा होईल. दावा प्रलंबित असणे हाच पुष्कळ स्त्रियांच्या हातातला एकमेव दबाव आहे, असे ते म्हणतात. ही भीती खरी आहे. महाराष्ट्रात १९८० च्या दशकात परित्यक्तांची चळवळ उभी राहिली, ती या अनुभवातूनच. पण नीट पाहिले तर हे विलंबाचे समर्थन नसून दारिद्र्याचे वर्णन आहे. २०१० च्या विधेयकात याचे उत्तर होते: तीन वर्षे वेगळे राहिल्यावर हे कारण वापरता येणार होते, घटस्फोटाने गंभीर आर्थिक हाल होतील असे दाखवून पत्नीला विरोध करता येणार होता, आणि राज्यसभेने संमत केलेल्या मसुद्यात पतीच्या मालमत्तेतील वाट्याचीही तरतूद होती. त्या वाट्यावरच सर्वांत मोठा गदारोळ झाला. ज्यांना स्त्रीच्या भवितव्याची चिंता म्हणून घटस्फोट लांबवायचा आहे, त्यांनी त्या वाट्याच्या बाजूने आवाज उठवल्याचे मला तरी आठवत नाही.

आणि लांबलेला दावा स्त्रीला पैसे मिळवून देतो, हे तरी खरे आहे का? अंतरिम पोटगीचा अर्ज नोटीस बजावल्यापासून साठ दिवसांत निकाली काढावा, असे कलम २४ मध्ये २००१ साली घातले गेले. येथेही 'शक्य तोवर' आहेच. नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयात २०१३ मध्ये पत्नी व मुलाच्या अंतरिम पोटगीसाठी अर्ज झाला. आदेश २०१५ मध्ये झाला. नवऱ्याने तो उच्च न्यायालयात, मग सर्वोच्च न्यायालयात आव्हानित केला, आणि अंतिम निकाल नोव्हेंबर २०२० मध्ये लागला. पत्नीला महिना पंधरा हजार, मुलाला आधी पाच आणि मग दहा हजार. 'अंतरिम' या शब्दाला सात वर्षे लागली. त्या निकालाने देशभरासाठी नियम घातले: दोन्ही पक्षांनी उत्पन्न व मालमत्तेचे शपथपत्र द्यावे, पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरावी. नियम चांगले आहेत. पण मधल्या सात वर्षांत मुलाच्या शाळेचे शुल्क कोणी भरले असेल, याचा अंदाज वाचकांनी करावा.

'भारतात घटस्फोट कमी होतात' अशी फुशारकी मारणाऱ्यांनी २०११ ची जनगणना एकदा उघडावी. त्यात 'विभक्त' म्हणून नोंदलेल्यांची संख्या घटस्फोटितांच्या दुपटीहून अधिक आहे. हे संसार टिकलेले नाहीत. ते मोडले आहेत, फक्त कागद मिळालेला नाही.

करायचे काय, ते फार गूढ नाही. कलम २१-ब मधील 'प्रयत्न' काढून मुदत बंधनकारक करा, आणि ती पाळता येईल इतके न्यायाधीश कौटुंबिक न्यायालयांना द्या. अंतरिम पोटगीचा आदेश होईपर्यंत उत्पन्न लपवणाऱ्या पक्षाची पुढची कैफियत ऐकूच नका. मोडलेला विवाह हे कारण मालमत्तेतील वाट्यासह कायद्यात आणा. आणि कलम ९ रद्द करा. ते म्हणजे दादाजींचाच दावा, नव्या क्रमांकाने. आंध्र उच्च न्यायालयाने १९८३ मध्ये ते घटनाबाह्य ठरवले होते. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा वैध ठरवले. आज त्याखाली कोणी तुरुंगात जात नाही, पण मालमत्तेवर जप्ती येऊ शकते. बायकोने पोटगी मागितली की उत्तरादाखल 'ती नांदायला यावी' असा दावा ठोकायचा आणि दोन-तीन वर्षे काढायची, ही युक्ती कोणत्याही तालुक्याच्या वकिलाला पाठ असते. ज्या देशाने हे हत्यार आपल्याला दिले, त्या इंग्लंडने ते १९७० मध्येच आपल्या कायद्यातून काढून टाकले.